डेटानोडवरची राखीव जागा: कामाच्या नोंदी

सोमवार, ३ जून २०२४

खरिपाच्या तोंडावर पावसाच्या नोंदींचे रात्रीचे काम मध्येच अडकायला लागले आहे. महसूल मंडळनिहाय आकडे पहाटे पाचपर्यंत तयार हवेत, आज ते दुपारी हाती आले. ज्यांना त्यावरून शेतकऱ्यांना सल्ला द्यायचा असतो त्यांना दुपारचा आकडा उपयोगाचा नाही. म्हणून हे काम आजपासून स्वतंत्र प्रकल्प म्हणून घेतले.

क्लस्टर हडूप ३.३ चा (मोठा डेटा अनेक यंत्रांवर वाटून साठवणारी आणि त्यावर काम करणारी प्रणाली), चौदा नोडचा, म्हणजे चौदा यंत्रांचा. बारा जुन्या नोडवर ४ टीबीच्या बारा-बारा डिस्क, दोन नव्या नोडवर ८ टीबीच्या बारा-बारा. एचडीएफएस ही हडूपची साठवण, यार्न हा कामे नोडवर वाटणारा भाग; प्रत्येक नोडवर पहिल्याची प्रक्रिया डेटानोड, दुसऱ्याची नोडमॅनेजर. एचडीएफएसचे ब्लॉक (फायलींचे तुकडे) आणि यार्नच्या कंटेनरांचा (कामाच्या चालू तुकड्यांचा) तात्पुरता डेटा (मुख्यतः शफलचा, म्हणजे कामाच्या एका टप्प्यातून दुसऱ्यात जाणारा) एकाच डिस्कवर राहतो. ऑपरेटिंग सिस्टिमला वेगळी छोटी एसएसडी आहे.

लक्षण असे: रात्री दीडच्या पुढे एकेक जुना नोड यार्नच्या यादीत 'अनहेल्दी' दिसू लागतो. नोडमॅनेजरच्या लॉगमध्ये स्थानिक डिरेक्टऱ्यांची वापरण्याजोगी जागा मर्यादेखाली गेल्याची ओळ असते. डिस्क ९० टक्क्यांच्या वर भरली की यार्न ती बाद धरतो, आणि एक चतुर्थांशापेक्षा कमी डिस्क धड उरल्या की अख्खा नोड बाद करतो. म्हणजे बारापैकी तीन चांगल्या असेपर्यंत नोड तग धरतो, दोनवर आला की गेला. त्यावरचे कंटेनर मरतात, तेच काम दुसऱ्या नोडवर नव्याने सुरू होते आणि त्या नोडच्या डिस्कही भरू लागतात. पहिला नोड पडल्यानंतर पुढचे लवकर पडतात ते यामुळे.

एचडीएफएसची मात्र काहीच तक्रार नाही. त्याच्या अहवालात जागा शिल्लक आहे, एकही ब्लॉक कमी नाही. हे कोडे आधी सोडवायचे.

मंगळवार, ४ जून

आज फक्त एक डिस्क घेऊन बसलो: तिसऱ्या नोडवरची सातवी. या नोंदींमध्ये डिस्कच्या जागेचे जीबी-टीबी १०२४ च्या हिशेबाने आहेत. फक्त डिस्कचे नाव ('४ टीबीची') कंपनीच्या छापाप्रमाणे.

४ टीबीची डिस्क म्हणजे ३७२६ जीबी. ईएक्सटी४ ने (डिस्कवरच्या फाइलसिस्टिमने) आयनोडच्या, म्हणजे फायलींच्या नोंदींच्या, तक्त्यांसाठी सुमारे ५८ जीबी आधीच बाजूला काढले, उरले ३६६८. डिस्कची जागा दाखवणाऱ्या 'डीएफ' आदेशाच्या एकूण रकान्यात हाच आकडा दिसतो. त्यातले एचडीएफएसने वापरलेले ३०६१, यार्नचे ९१. वजाबाकी केली तर ५१६ जीबी मोकळे असायला हवेत. 'डीएफ' मात्र ३३० दाखवतो. मधले १८६ जीबी ही ईएक्सटी४ ची रूटसाठी (प्रशासक खात्यासाठी) ठेवलेली पाच टक्के जागा. डिस्क फॉरमॅट करताना वेगळे काही सांगितले नाही तर ती आपोआप ठेवली जाते. एचडीएफएस आणि यार्न दोन्ही साध्या वापरकर्त्याखाली चालतात, त्यांना तिला हात लावता येत नाही.

आता हेच आकडे दोघांच्या नजरेने मांडतो.

यार्न वापरण्याजोग्या जागेला एकूण जागेने भागतो. ३३० भागिले ३६६८ म्हणजे ९ टक्के. त्याच्या लेखी डिस्क ९१ टक्के भरली, म्हणून बाद. रूटची जागा कोणी वापरलेली नसली तरी या हिशेबात ती वापरलेलीच धरली जाते.

एचडीएफएसमध्ये दर डिस्कमागे १०० जीबी राखीव ठेवण्याची सेटिंग आहे, 'डेटानोड डीयू रिझर्व्ह्ड' नावाची. क्लस्टर उभा राहिला तेव्हापासून ती तशीच आहे. ती बिगर-एचडीएफएस वापरासाठी असते. यार्नने ९१ वापरले, म्हणजे अजून ९ जीबी सोडायचे. ३३० मधून ९ गेले, ३२१ उरले. एचडीएफएसच्या मते या डिस्कवर अजून ३२१ जीबी लिहिता येतील.

एकच डिस्क, एकच क्षण. एक म्हणतो डिस्क बाद, दुसरा म्हणतो सव्वातीनशे जीबी टाका. एका कोठीतून दोघे धान्य काढतात आणि दोघांची मापे वेगळी, तसे झाले आहे. एचडीएफएस आपल्या मापाने शेवटपर्यंत भरत जाईल. १०० जीबी म्हणजे या डिस्कच्या तीन टक्क्यांपेक्षाही कमी. यार्नला दहा टक्के मोकळे हवेत. यार्नची मर्यादा कुठे येते हे पाहून १०० हा आकडा ठरवलेलाच नाही.

यावरून या प्रकल्पाचे सूत्र ठरले: राखीव जागा एकूण जागेच्या दहा टक्के, अधिक शफलला खरोखर लागणारी जागा. आणि हे दर डिस्कमागे. नोडची सरासरी इथे काही कामाची नाही.

शुक्रवार, ७ जून

रात्रीचे आकडे गोळा झाले. सर्वांत जड कामाच्या वेळी शफलचा डेटा डिस्कमागे दीडशे जीबीच्या आसपास जातो. त्याला थोडी सैल जागा धरून पाच टक्के म्हणजे १८३ जीबी. दहा आणि पाच, पंधरा टक्के. ४ टीबीच्या डिस्कवर ५५० जीबी.

आकडा ठरवणे सोपे, लावणे अवघड. आज जर सगळीकडे १०० चे ५५० केले तर त्या सातव्या डिस्कवर ३३० मधून ४५९ जायचे, म्हणजे शून्याखाली. बहुतेक जुन्या डिस्कची हीच गत. एचडीएफएसला लिहायला जागाच उरणार नाही आणि रात्रीचे काम यार्नमुळे नाही तर एचडीएफएसमुळे थांबेल.

म्हणून पहिली पायरी अशी निवडली की तिचा भार कोणावर पडू नये. डेटाच्या डिस्कवर रूटचे पाच टक्के कशाला हवेत? तिथे रूटची कोणतीही प्रक्रिया लिहीत नाही. फाइलसिस्टिम काठोकाठ भरल्यावर तुकडे-तुकडे होऊ नयेत, हे त्या जागेचे दुसरे प्रयोजन. पण आमच्या फायली १२८ एमबीच्या ब्लॉकच्या, एकदा लिहून संपणाऱ्या, आणि पंधरा टक्के तर आम्ही स्वतःच मोकळे ठेवणार आहोत. तेव्हा 'ट्यून२एफएस' ने (फाइलसिस्टिमच्या सेटिंग बदलणाऱ्या आदेशाने) डेटाच्या डिस्कवर ती शून्य करायची. डिस्क माउंट (जोडून वापरात) असतानाही हे करता येते, डेटानोड थांबवावा लागत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या एसएसडीवर मात्र पाच टक्के जसेच्या तसे. तिथे रूटला लॉगिन करून सफाई करण्यापुरती जागा राहिलीच पाहिजे.

नुसते एवढेच करून थांबलो तर सुटलेले १८६ जीबी एचडीएफएस खाऊन टाकेल. म्हणून त्याच रात्री राखीव जागा १०० वरून २८६ करायची. ५१६ मधून १९५ वजा केले तर पुन्हा ३२१. एचडीएफएसच्या हातात जेवढे होते तेवढेच राहते, आणि यार्नच्या हिशेबात डिस्क ९१ वरून ८६ टक्क्यांवर येते.

सोमवार, १० जून

पहिली पायरी दोन नोडवर लावून पाहिली. यार्नची डिस्क-तपासणी दर दोन मिनिटांनी होते, त्यामुळे 'ट्यून२एफएस' नंतर बाद डिस्क एकेक करून परत आल्या ते डोळ्यांसमोर दिसले. मग डेटानोड एकेक करून पुन्हा सुरू केला. नेमनोड (कोणता ब्लॉक कुठे आहे याची नोंद ठेवणारा) साडेदहा मिनिटे वाट पाहूनच डेटानोड मेला असे धरतो, तेवढ्या वेळात तो परत उभा राहिला की त्याच्याकडच्या ब्लॉकच्या प्रती दुसरीकडे बनवण्याची पळापळ सुरू होत नाही.

उद्यापासून बाकीचे नोड. पालख्या शहरात आल्या की डेटासेंटरकडे जाणारे रस्ते बंद असतात, त्याआधी हातांनी करायची कामे उरकायची.

बुधवार, १२ जून

नवव्या नोडवर एक प्रसंग घडला, त्यातून राखीव जागेचा आराखडाच बदलला. म्हणून सविस्तर लिहितो.

वीजदुरुस्तीनंतर नोड पुन्हा सुरू झाला, पण त्याची पाचवी डिस्क माउंटच झाली नाही. माउंट न झाल्यास बूट थांबू नये अशी सेटिंग होती, त्यामुळे नोड निमूटपणे वर आला. माउंटच्या जागेची रिकामी डिरेक्टरी एसएसडीवरची, आणि तिची मालकी एचडीएफएसच्या वापरकर्त्याकडे. डेटानोडला वाटले नवी कोरी डिस्क मिळाली. त्याने तिथे आपली रचना केली आणि ब्लॉक लिहायला घेतले. सकाळी एसएसडीच्या इशाऱ्यावरून कळले तेव्हा २२० जीबीच्या एसएसडीवर चाळीसेक जीबी उरले होते.

चाळीस जीबी तरी का उरले? या नोडवर अजून पहिली पायरी लागलेली नव्हती, जुने १०० जीबी राखीव होते. ऑपरेटिंग सिस्टिम आणि लॉग मिळून ६० जीबी. एचडीएफएसने उरलेले ४० सोडले आणि तिथे थांबला. रूटच्या पाच टक्क्यांचे ११ त्याहून वेगळे.

आता पुढचा विचार. नव्या नोडवर ८ टीबीच्या डिस्क आहेत, तिथे पंधरा टक्के म्हणजे ११०० जीबी. दोन आकाराच्या डिस्कना एकच ठोक आकडा बसत नाही, म्हणून टक्केवारीवर जायचे ठरत होते. हडूप ३ मध्ये राखीव जागा मोजण्याची पद्धत निवडता येते: ठोक आकडा, टक्केवारी, दोन्हींतला मोठा किंवा दोन्हींतला छोटा. पण नुसती पंधरा टक्के ठेवली असती तर या एसएसडीवर राखीव झाले असते ३३ जीबी. ऑपरेटिंग सिस्टिमने ६० आधीच वापरलेले, म्हणजे एचडीएफएसच्या लेखी राखीव जागा पुरती वापरून झाली, आता सोडायचे काही नाही. ती एसएसडी जवळजवळ शेवटच्या जीबीपर्यंत भरली असती आणि नोड लॉगही न लिहिता बसला असता.

म्हणून 'दोन्हींतला मोठा' ही पद्धत. ठोक आकडा २५० जीबी, टक्केवारी पंधरा. ४ टीबीच्या डिस्कवर टक्केवारी मोठी, ५५०. ८ टीबीच्या डिस्कवर ११००. चुकून एसएसडीवर लिहायची वेळ आली तर ठोक आकडा मोठा, २५०, आणि तो एसएसडीच्या एकूण जागेपेक्षाही जास्त. मग त्या जागेची क्षमता एचडीएफएस शून्यच धरतो. एका सेटिंगने दोन कामे साधली, याचे मनापासून समाधान वाटले.

तेवढ्यावर विसंबलो नाही. यार्न ही राखीव जागा मानत नाही, तो तिथेही लिहू शकतो. सगळ्या नोडवर डिस्क अनमाउंट असताना खालच्या डिरेक्टरीची मालकी रूटकडे दिली आणि 'चॅटर' ने तिच्यावर बदलबंदीची खूण लावली. डिस्क माउंट असताना ही खूण लावू नये, ती डिस्कवरच्या मूळ डिरेक्टरीला लागते आणि डेटानोडचे हात बांधले जातात. आणखी एक: माउंट झालेल्या डिस्कखाली जुन्या फायली दडलेल्या असू शकतात, वरून 'डीयू' (डिरेक्टरीने घेतलेली जागा मोजणारा आदेश) चालवले तर त्या दिसत नाहीत. मूळ फाइलसिस्टिम दुसऱ्या ठिकाणी बाइंड-माउंट करून पाहिले, तेव्हा चौथ्या नोडवर असे काही जुने ब्लॉक सापडले. त्यांच्या प्रती इतरत्र पूर्ण असल्याची खात्री करून काढले.

शुक्रवार, १४ जून

पहिली पायरी सगळीकडे लागली. सकाळी विश्लेषण गटाच्या मॅडमचा फोन.

"अहो, डॅशबोर्डवर क्षमता तीस टीबीने कमी दिसतेय. डिस्क गेल्या की काय?"

"नाही मॅडम, एकही डिस्क गेलेली नाही. तो आकडा एकूण जागेतून फक्त राखीव जागा वजा करून येतो. रूटची पाच टक्के जागा त्यात धरलेली होती, पण तिथे तुम्हाला कधीच लिहिता आले नसते."

"म्हणजे आम्हाला लिहायला मिळणारी जागा?"

"काल होती त्यापेक्षा कमी नाही. 'रिमेनिंग' चा रकाना बघा, तो उतरलेला नाही."

त्यांनी तो बघितला, मग म्हणाल्या, "मग आमच्या लोकांना तोच रकाना दाखवा. वरचा बघून सगळे घाबरतात." रास्त बोलल्या. डॅशबोर्ड बदलला. दुसऱ्या पायरीला (राखीव जागा २८६ वरून पंधरा टक्क्यांवर नेताना) मात्र 'रिमेनिंग' सुद्धा कमी होणार आहे, हे त्यांना आजच सांगून ठेवले.

सोमवार, १७ जून

दुसऱ्या पायरीसाठी लागणारी जागा: जुन्या नोडच्या १४४ डिस्कवर प्रत्येकी २६४ जीबी, नव्या नोडच्या २४ डिस्कवर प्रत्येकी ८१४. सगळे मिळून सुमारे ५६ टीबी, प्रतींसह. नवीन डिस्क मागवल्या तर पाऊस संपेपर्यंत वाट पाहावी लागेल. तेव्हा आहे त्यातूनच काढायची.

मार्ग: जुन्या वर्षांचा डेटा तीन प्रतींवरून इरेझर कोडिंगवर नेणे, म्हणजे पूर्ण प्रतींऐवजी हरवलेला भाग परत काढता येईल असे जादा पॅरिटीचे भाग ठेवणे. आरएस-६-३ मध्ये सहा भाग डेटाचे आणि तीन पॅरिटीचे, म्हणजे तिप्पट जागेऐवजी दीडपट. किमान नऊ डेटानोड लागतात, आमच्याकडे चौदा आहेत. साधारण ३८ टीबी मूळ डेटा हलवला की ५६ टीबी सुटतात.

डिरेक्टरीला धोरण लावले म्हणून आत आधीच असलेल्या फायली बदलत नाहीत, त्या नव्याने लिहाव्याच लागतात. 'डिस्टसीपी' ने नक्कल करायची, पडताळायची, मग जुने काढायचे. तेवढ्या काळात तिप्पट आणि दीडपट दोन्ही एकाच वेळी डिस्कवर, म्हणून एका वेळी एकच वर्ष. पडताळणीसाठी चेकसमची (डेटावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याची) पद्धत कॉम्पोझिट सीआरसी ठेवली. नेहमीची पद्धत ब्लॉकच्या रचनेवर अवलंबून असल्यामुळे तीच फाइल असूनही दोन्हीकडचे चेकसम जुळत नाहीत.

जुने काढले तरी जागा लगेच सुटत नाही. ट्रॅशची मुदत संपावी लागते, आणि डिरेक्टरीवर स्नॅपशॉट (एका क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) असेल तर तो काढेपर्यंत ब्लॉक जागचे हलत नाहीत. कोणते स्नॅपशॉट हवेत याची यादी मॅडमच्या गटाकडून मागवली आहे.

छोट्या फायली वगळल्या. एक एमबीच्या आतल्या फाइलला आरएस-६-३ मध्ये एक भाग डेटाचा आणि तेवढेच मोठे तीन पॅरिटीचे लागतात. म्हणजे चौपट, तीन प्रतींपेक्षाही वाईट. पर्जन्यमापकांच्या रोजच्या फायली नेमक्या अशाच आहेत.

बुधवार, २६ जून

जुन्या वर्षांचे स्थलांतर झाले, स्नॅपशॉट निघाले, जागा सुटली. काल रात्री दुसरी पायरी चार नोडवर लावली, आज उरलेल्यांवर. रात्रीचे काम पहाटे चारच्या आत संपले, एकही नोड बाद नाही.

सुटलेली जागा सगळ्या डिस्कवर सारखी सुटली नव्हती. एकाच नोडवर एक डिस्क अर्धी रिकामी आणि दुसरी काठावर, असे काही ठिकाणी झाले. तिथे डिस्क-बॅलन्सर चालवला. मूळचा वेग सेकंदाला १० एमबी, दिवसा तेवढाच ठेवला, रात्री बंद.

एका गोष्टीवर बैठकीत चर्चा झाली, ती लिहून ठेवतो. एक नोड पूर्ण गेला तर त्याच्या प्रती इतर नोडवर बनाव्या लागतात, त्यासाठी ही राखीव जागा उपयोगी पडेल का? नाही. राखीव जागेत एचडीएफएस स्वतः लिहीत नाही, कितीही अडचण आली तरी. नोड गेल्यावरची सोय 'रिमेनिंग' मधूनच करावी लागते, आणि ती सर्वांत मोठ्या नोडवरच्या डेटाइतकी हवी. ८ टीबीच्या डिस्कचे नोड आल्यापासून ही गरज दुप्पट झाली आहे. म्हणून 'रिमेनिंग' साठी वेगळी किमान मर्यादा ठरवली आणि तिचा वेगळा इशारा लावला.

मंगळवार, ९ जुलै

राखीव जागा सांगितल्याप्रमाणे वागते का, याची दिवसा चाचणी घेतली. अकराव्या नोडची दुसरी डिस्क: एचडीएफएसचे २७००, यार्नचे ९०, मोकळे ८७८ जीबी. राखीव ५५०, त्यातले ९० वापरात, उरलेले ४६० सोडले की एचडीएफएसला ४१८ दिसायला हवेत. तेवढेच दिसले.

मग 'एफअ‍ॅलोकेट' ने यार्नच्या डिरेक्टरीशेजारी ४०० जीबीची रिकामी फाइल बनवली. मोकळे ४७८ झाले, एचडीएफएसचा आकडा ४१८ वरच. हेच हवे होते: शफल वाढला तरी राखीव जागेच्या आत असेपर्यंत एचडीएफएसला त्याची झळ नाही. यार्नच्या हिशेबाने डिस्क ८७ टक्के, म्हणजे चांगली.

आणखी २०० जीबी टाकले. बिगर-एचडीएफएस वापर ६९० झाला, राखीव जागा १४० ने ओलांडली. एचडीएफएसचा आकडा २७८ वर उतरला, नेमका १४० ने. यार्नने पुढच्या तपासणीत डिस्क बाद धरली. चालू कंटेनरांचे लिहिणे मात्र थांबले नाही. ही जागा फक्त एचडीएफएस पाळतो, दुसऱ्या कोणाला ती अडवत नाही. फायली काढल्या, दोन मिनिटांत डिस्क परत आली.

यावरून तिसरा इशारा: एखाद्या डिस्कवर बिगर-एचडीएफएस वापर राखीव जागेच्या ८० टक्क्यांवर गेला की कळवायचे. आधी तो नोडच्या एकूण वापरावर होता, त्यात एकटी भरलेली डिस्क लपून राहायची. असा इशारा आला की पहिली दोन ठिकाणे पाहायची: अर्धवट मेलेल्या कामांचा उरलेला शफल, आणि पुसलेली पण कोणत्यातरी प्रक्रियेने उघडी धरून ठेवलेली फाइल. दुसरी 'डीयू' मध्ये येत नाही, 'एलएसओएफ' ने शोधावी लागते.

शिल्लक काम: पर्जन्यमापकांच्या छोट्या फायली महिन्यागणिक एकत्र बांधून मग इरेझर कोडिंगवर नेणे. मॅडमच्या गटाने ऑगस्टमधला दुसरा आठवडा दिला आहे, तोवर त्या तीन प्रतींवरच.